एस50एमसी-सी: बंदरात भरवशाचं इंजिन, पण हवेची हयगय त्याला खपत नाही

सुप्रामॅक्स बल्क कॅरिअर (धान्य, कोळसा असा सुटा माल नेणारं जहाज) जॉईन केलं की खाली इंजिन रूममध्ये मॅन बी अँड डब्ल्यूचं एस50एमसी-सी हे मुख्य इंजिन भेटण्याची शक्यता बरीच. बोअर (सिलिंडरचा व्यास) 500 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 2000 मिमी, सहा सिलिंडरना मिळून 127 आरपीएमला 9480 किलोवॅट. इथे पाहायचंय ते फक्त मॅनूव्हरिंग, म्हणजे बंदराचा पायलट (वाटाड्या) चढल्यापासून दोर बांधून होईपर्यंत हे इंजिन कसं वागतं ते.

सगळ्यात जमेची बाजू म्हणजे रिव्हर्सिंग, इंजिन उलटं फिरवणं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमला हात लावावा लागत नाही. प्रत्येक फ्युएल पंपाच्या रोलरची लिंक एक छोटा एअर सिलिंडर सरकवतो, सोबत एअर डिस्ट्रिब्युटर (कोणत्या सिलिंडरला स्टार्टची हवा कधी द्यायची ते ठरवणारा) उलटतो, झालं. एखाद्या युनिटची लिंक अडकली तर कंट्रोल रूममधला दिवा ते सांगतो आणि बाकीच्या सिलिंडरवर इंजिन अस्टर्न (मागच्या दिशेने) लागतं. लिंक बहुतेक वेळा अडकते ती ग्रीस न मिळाल्याने किंवा कंट्रोल एअरमधल्या पाण्यामुळे. 7 बारची ती लाईन कोरडी ठेवा.

इंजिन साईड कंट्रोल, म्हणजे इंजिनशेजारूनच ते चालवायची सोय, हीही उत्तम. ब्रिज कंट्रोल बंद पडला तरी हवा आणि हातचाक एवढ्यावर इंजिन चालवता येतं. मात्र रेग्युलेटिंग हँडव्हील फिरवून फोर्क (इंधनाचा ताबा हातचाकाकडे देणारी जोडणी) आधी जुळवावा लागतो, नाहीतर चेंजओव्हर बसत नाही. गव्हर्नर (आरपीएम आपोआप सांभाळणारा) बाजूला झाल्यावर आरपीएमवर नजर आपणच ठेवायची. ही सवय शांत पाण्यात करून ठेवावी, पायलट ओरडत असताना नाही.

कच्चा दुवा म्हणजे स्टार्टिंग एअर, इंजिन सुरू करायची दाबाची हवा. नियमाप्रमाणे हवेच्या बाटल्या 30 बारला भरल्या की पुन्हा न भरता आलटून-पालटून अहेड-अस्टर्न 12 स्टार्ट मिळायला हवेत. हल्दिया बंदराच्या लॉकगेटसारख्या (पाण्याची पातळी जुळवणाऱ्या दरवाजासारख्या) ठिकाणी स्टॉप, डेड स्लो, अस्टर्न असं चालू झालं की हा साठा भराभर उतरतो. म्हणून स्टँडबायला दोन्ही कॉम्प्रेसर ऑटोवर हवेत. क्रॅश अस्टर्नला (पुढे जाताना इंजिन एकदम उलटं लावताना) तर जहाजाच्या वेगाने प्रोपेलर अहेडच फिरत राहतो. आरपीएम पुरेसे उतरायच्या आत ब्रेकिंग एअर (इंजिन थांबवायला सिलिंडरमध्ये सोडलेली हवा) दिली तर हवा संपते आणि इंजिन उलटत नाही.

खरा धोका गळक्या स्टार्टिंग एअर व्हॉल्व्हचा. तो सीटवर नीट बसला नाही तर सिलिंडरमधला तापलेला गॅस मागे एअर पाइपात शिरतो, आणि तिथे कॉम्प्रेसरचं तेल साचलेलं असेल तर स्फोट होऊ शकतो. स्टार्टनंतर प्रत्येक हेडकडे जाणारा पाइप इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा. एखादाच गरम लागला तर त्या युनिटचं इंधन तोडा, ब्रिजला कळवा आणि सुरक्षित जागी इंजिन थांबवून व्हॉल्व्ह बदला. बंदरात पोचल्यावर करायची चाचणी सोपी आहे. टर्निंग गिअर (इंजिन हळू फिरवणारी मोटर) बाहेर, डिस्ट्रिब्युटरची हवा बंद, इंडिकेटर कॉक (सिलिंडरवरच्या छोट्या तोट्या) उघडे, मग साईड कंट्रोलवरून स्टार्ट. ज्या कॉकमधून हवा फुसफुसते तो व्हॉल्व्ह गळका. कॉकसमोर कोणी उभं राहायचं नाही.

निघतानाचा क्रम ठाऊक असतोच, तरी इंडिकेटर कॉक उघडून एअर ब्लो देण्याआधी टर्निंग गिअरवर एक पूर्ण फेरी चुकवू नका. लायनरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या नळीत) गळलेलं पाणी तेव्हाच दिसतं. 30 मिनिटांहून जास्त थांबलेलं इंजिन स्लो टर्निंग (हवेवर सावकाश फिरवणं) करूनच लावा. ऑक्झिलरी ब्लोअर (कमी वेगात सिलिंडरना हवा पुरवणारे पंखे) दोन्ही चालू असल्याची खात्री करा. एक जरी बंद राहिला तरी काळा धूर येऊ शकतो आणि स्टार्ट अडखळू शकतो.

इंधनात जास्तीत जास्त 0.10 टक्के सल्फर चालतं अशा सागरी भागात हे इंजिन सगळ्यात जास्त परीक्षा बघतं. 2009 पासून कॅलिफोर्नियाने 24 सागरी मैलांच्या आत डिस्टिलेट (गॅस ऑईलसारखं पातळ इंधन) सक्तीचं केलं, तेव्हा बंदराच्या तोंडाशी इंजिन न लागण्याचे प्रकार पुढे आले. फ्युएल पंपाचा झिजलेला प्लंजर (आतला दांडा) घट्ट हेवी फ्युएलवर खपून जातो, पातळ गॅस ऑईल मात्र त्याच्या कडेने निसटतं. इंजिन हवेवर फिरतं, पण पेटत नाही. अस्टर्नला तर पाण्याविरुद्ध ताकद लागते, त्यामुळे आधी तेच फसतं. इंजिनच्या तोंडाशी व्हिस्कॉसिटी (इंधनाचा घट्टपणा) 2 सेंटिस्टोकच्या खाली जाऊ देऊ नका आणि चेंजओव्हरला तापमान मिनिटाला 2 अंशांपेक्षा जास्त बदलू नका, नाहीतर प्लंजर अडकतो.

हँडओव्हर घेताना तीन गोष्टी विचाराच: स्टार्टिंग एअर व्हॉल्व्ह शेवटचे कधी उघडले, फ्युएल पंपांचे रनिंग अवर्स किती, आणि गॅस ऑईलवर अस्टर्न स्टार्ट शेवटचा कधी घेतला. पंप झिजलेले असतील तर ते कॅप्टनला पायलट चढायच्या आधीच सांगायचं, म्हणजे जादा टग मागवायला त्यांच्या हाती वेळ राहतो.