सुपरचार्ज्ड टॅकोमाचे नॉकिंग: पाणी-मिथेनॉल बरे की इंधन आणि इग्निशनची दुरुस्ती?

टोयोटाच्या टॅकोमा या पिकअप ट्रकच्या पहिल्या पिढीचे ३.४ लिटरचे व्ही-६ इंजिन आणि त्यावर टीआरडी या टोयोटाच्याच विभागाचा सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र), अशी जोडी हौसेने सांभाळणारे लोक अमेरिकेच्या नैऋत्य भागात अजूनही आहेत, आणि उन्हाळ्यात त्यांच्यातल्या अनेकांना कधी ना कधी नॉकिंगला, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण आपोआप भडकून होणाऱ्या खडखडाटाला, तोंड द्यावे लागते. कारणे ओळखीची आहेत. कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) ९.६:१ आहे, दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर नाही, सुपरचार्जरमधला ईटन कंपनीचा एम-६२ हा रूट्स पद्धतीचा ब्लोअर हवा दाबताना तिला भरपूर तापवतो, आणि ॲरिझोनातल्या पंपांवर सर्वसाधारणपणे ९१ ऑक्टेनच्या (हा आकडा जितका मोठा तितके पेट्रोल नॉकिंगला कमी दाद देते) वरचे पेट्रोल मिळत नाही. टेक्सासमध्ये राहणाऱ्यांना ९३ मिळते आणि तेवढ्यावरही पुष्कळांचे भागते. ॲरिझोनातल्या आम्हा फीनिक्सकरांना मात्र दोनपैकी एक मार्ग धरावा लागतो: पाणी-मिथेनॉलचा फवारा किंवा इंधन आणि इग्निशनची दुरुस्ती.

मार्ग निवडण्यापूर्वीची साफसफाई सर्वांना माहीत असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. स्पार्क प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर सोडणारे) घ्यावेत आणि त्यांची गॅप मूळच्या १.१ मिलिमीटरवरून ०.८ च्या आसपास आणावी. पीसीव्हीमधून (इंजिनातली वाफ परत हवेच्या मार्गात नेणाऱ्या झडपेतून) तेल इनटेकमध्ये येत असेल तर ते आधी थांबवावे, कारण तेलाची वाफ पेट्रोलचे ऑक्टेन खाली ओढते. एक्झॉस्टवरचा उष्णतारोधक पत्रा सैल झाला असल्यास तोही जवळपास तसाच वाजतो, तेव्हा तो हाताने हलवून पाहावा. शंभर डॉलरच्या भागाआधी चार आण्यांचा क्लॅम्प तपासलेला बरा.

पाणी आणि मिथेनॉल निम्मे-निम्मे मिसळून बूस्ट (सुपरचार्जरने दिलेला हवेचा जादा दाब) आल्यावर इनटेकमध्ये फवारण्याचा पहिला मार्ग कागदावर इतका देखणा आहे की त्याच्या मोहात पडणाऱ्याला दोष देता येत नाही. बाष्पीभवन होताना पाणी पेट्रोलच्या सुमारे सहापट उष्णता शोषून घेते, मिथेनॉलचे ऑक्टेन मुळातच उंच असते, आणि फवारा ब्लोअरच्या आधी सोडला तर रोटरही थंड राहतात. दुसऱ्या महायुद्धात पी-४७ विमानांच्या आर-२८०० इंजिनांत हेच तंत्र होते, त्यामुळे ते कामाचे आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही. माझ्या ट्रकवर हा संच बसवल्यानंतर पूर्ण थ्रॉटलवर (ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबल्यावर) नॉकिंग एकदाही कानावर आले नाही, आणि भर उन्हाळ्यातही गाडी हिवाळ्यासारखी ओढू लागली, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

अडचण पूर्ण थ्रॉटलवर नव्हतीच. फीनिक्सहून फ्लॅगस्टाफला जाताना ब्लॅक कॅनियन सिटी सोडली की सनसेट पॉइंटपर्यंत जो घाट लागतो, तिथे मागे सामान भरलेले असताना, चौथ्या गिअरमध्ये, अर्ध्या पायावर (ॲक्सिलरेटर निम्मा दाबून), बूस्ट जेमतेम दोन-तीन पीएसआय (दाबाचे एकक) असताना पत्र्याच्या डब्यात हरभरे खुळखुळावेत तसा आवाज येत असे. इंजिनाचा संगणक मुळात सुपरचार्जर नसलेल्या इंजिनासाठी जुळवलेला असल्यामुळे अर्ध्या पायावर तो बूस्टमध्येही काही काळ ऑक्सिजन सेन्सरचे ऐकत राहतो आणि मिश्रण १४.७:१ वर (१४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल) धरून ठेवू पाहतो. नॉकिंगचा जन्म होतो तो याच वेळी. फवाऱ्याच्या नियंत्रकावर ‘स्टार्ट’ आणि ‘फुल’ असे दोन लहान स्क्रू असतात; फवारा कोणत्या दाबाला सुरू व्हावा आणि कोणत्या दाबाला पूर्ण सुटावा हे ते ठरवतात. ‘स्टार्ट’ चार पीएसआयवर ठेवला तर घाटातला आवाज जसाच्या तसा राही. तो दोनवर आणला तर साधे ओव्हरटेक करतानाही फवारा सुटे, आणि इतक्या कमी दाबाला नोझलमधून तुषार न उडता थेंब पडत असल्यामुळे इंजिन क्षणभर गुदमरे. सनसेट पॉइंटच्या विश्रांतिस्थळी बॉनेट उघडून, हाताला चटके सोसत, तो स्क्रू पाव फेरा इकडे आणि पाव फेरा तिकडे करण्याचा उद्योग मी इतका केला की त्याच्या डोक्याची खाच झिजली. दोन्हींच्या मधली सोयीची जागा दुसऱ्या कोणाला सापडली असेलही; मला ती सापडली नाही, आणि माझा निर्णय तिथेच ठरला.

टाकीची गोष्ट त्यामानाने दुय्यम आहे, पण दुर्लक्ष करण्यासारखी नाही. जनरल मोटर्सने १९६२ साली ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बोची (एक्झॉस्टच्या जोरावर हवा दाबणाऱ्या यंत्राची) गाडी काढली, तेव्हा तिलाही पाणी-मिथेनॉलची टाकी दिली होती. लोक ती भरेनात, टाकी रिकामी झाली की बूस्ट आपोआप मर्यादित होई, आणि पुढे अनेक गाड्यांवरचा टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवावा लागला. आपण स्वतः टाकी आठवणीने भरतोही, पण घरातले दुसरे कोणी ट्रक घेऊन गेले की त्यांना ही पथ्ये सांगत बसावे लागते. शिवाय मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही, हे गॅरेजमध्ये कॅन ठेवणाऱ्याने विसरू नये.

दुसऱ्या मार्गात इंजेक्टर आणि पंप मोठे घालून बूस्टमध्ये मिश्रण समृद्ध करायचे (पेट्रोलचे प्रमाण वाढवायचे) आणि संगणक व इंजिन यांच्या मध्ये बसणाऱ्या नियंत्रकाने स्पार्कही काही अंश मागे घ्यायचा, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडायची असते. हा मार्ग निर्दोष आहे असे नाही. स्पार्क मागे घेतला की ताकद थोडी कमी होते, एक्झॉस्ट अधिक तापतो, आणि ट्यूनिंग करणारा जाणकार नसेल तर मूळ संगणक हळूहळू स्वतःची दुरुस्ती शिकून आपण केलेली दुरुस्ती पुसून टाकतो. पूर्ण थ्रॉटलवर माझा ट्रक आता पूर्वीइतका चपळ नाही, निदान मला तसे वाटते. परंतु अर्ध्या पायावरचे पातळ मिश्रण हा जो मूळ रोग, त्यालाच हा मार्ग हात घालतो, आणि त्याच घाटात ऑगस्टमध्ये एसी चालू ठेवून मी आता काच खाली करून कान न देता जातो.

सुपरचार्जरला लहान पुली बसवून बूस्ट वाढवणाऱ्याला किंवा ट्रक मुख्यतः ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ शर्यतीच्या पट्टीवर) नेणाऱ्याला माझे मत लागू पडेलच असे नाही. त्याने फवारा जरूर घ्यावा, किंबहुना दोन्ही घ्यावेत. कॅलिफोर्नियात राहणाऱ्याने कोणताही संच घेण्याआधी त्याला तिथल्या हवा मंडळाचा मान्यता क्रमांक आहे का ते पाहावे. रोजच्या वापराला, ओझे आणि चढ यांच्यासाठी ट्रक असेल, तर मी दुसऱ्या मार्गाकडे झुकेन. फक्त ट्यूनिंग करून घेताना डायनोवरच्या (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरच्या) पूर्ण थ्रॉटलच्या आलेखावर समाधान मानू नये. ट्यूनरला दुपारी शेजारी बसवून, ट्रकमध्ये ओझे भरून, चढावर चौथ्या गिअरमध्ये मिनिटाला २,००० ते २,५०० फेऱ्यांच्या दरम्यान अर्ध्या पायाने चालवत नोंदी घ्यायला लावाव्यात, आणि तसे करायला तो तयार नसेल तर दुसरा शोधावा.