काळ्या मातीवर दगडी चौक आणि शेकोटीचा खड्डा : एक हिवाळा, एक पावसाळा काढल्यावर

निफाड तालुक्यात शेकोटीची हौस कुणाला शिकवावी लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. थंडी फारच वाढली की पहाटे द्राक्षबागांमध्येही शेकोट्या पेटतात. आमच्याकडे इतकी वर्षं अंगणात घमेल्यात लाकडं पेटायची. गेल्या दिवाळीनंतर मी आणि मेहुण्याने मिळून पक्का खड्डा बांधला आणि भोवती बसायला दगडी चौक केला. गवंडी फक्त विचारायला होता. आता पूर्ण पावसाळा उलटून पुन्हा थंडी पडली आहे, म्हणून लिहितोय. येणारा जाणारा आगीबद्दलच विचारतो, पण आमचा घाम गळला तो जमिनीत, तेव्हा आधी तिचं सांगतो.

माती काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वर कितीही भारी दगड टाका, खालची माती हलली की तोही हलणार. म्हणून १२ बाय १२ फुटांचा चौक १४ इंच खोल उपसला. तळाला ६ इंच डबराचं सोलिंग, म्हणजे मोठ्या दगडांचा थर, त्यावर ५ इंच मुरूम, मग दीड इंच कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, आणि वर दीड इंची शहाबादी फरशी. हिशेबाने मुरूम ६० घनफूट होतो, पण सोलिंगच्या फटी आणि चोपण धरून आम्ही पूर्ण एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट मागवला आणि तो सगळा जिरला. मुरूम एकदम पाच इंच टाकून वरवर चोपू नका. दोन थरांत टाका, पाणी मारा, धुम्मस (चोपायचं जड अवजार) चालवा. हात भरून येतात, पण इथे आळस करण्यात अर्थ नाही. उतार घरापासून बाहेर, बारा फुटांत अडीच इंच, पारदर्शक नळीत पाणी भरून काढला. खर्चाचं म्हणाल तर दगडापेक्षा मुरूम-डबर आणि ट्रॅक्टरचं भाडं जास्त बोचलं.

फरशीखाली सिमेंट मुद्दाम घातलं नाही, सांध्यांतही कचच भरली. यावर घरात बरीच चर्चा झाली. वडिलांना सिमेंटचा अखंड कोबा हवा होता. पावसाळ्यात पागोळ्यांच्या बाजूची एक रांग बोटभर वर आली, तेव्हा "बघ, सांगत होतो," हे ऐकावं लागलं. पण दसऱ्याला पहारीने त्या फरश्या उचलल्या, कच काढून पुन्हा लेव्हल केली आणि अर्ध्या दिवसात बसवल्या. कोबा असता तर फोडावाच लागला असता. बाकीचा चौक जागचा हलला नाही. पागोळ्यांना पन्हळ लावायचं तेवढं राहिलं आहे.

आता खड्डा. आतला व्यास ३ फूट, जमिनीवर उंची साधारण फूटभर. आतून अग्निविटा, बाहेरून काळ्या दगडाचं बांधकाम, आणि दोन्हींच्या मधे इंचभर वाळू, म्हणजे तापून फुगलेली वीट दगडाला ढकलत नाही. नाशिकच्या सातपूरला भट्ट्यांचं सामान मिळतं, तिथून ९ बाय साडेचार बाय ३ इंचांच्या विटा आणल्या. आडव्या कडेवर लावल्या की एका थरात १२ बसतात आणि चार ठिकाणी हवेसाठी फट उरते. समोरच्या दगडातही तेवढ्याच जागा सोडल्या. तीन थर, ३६ विटा. सांध्यांना फायर क्ले, म्हणजे उष्णता सोसणारी माती. साधं सिमेंट त्या उष्णतेत भुसभुशीत होतं, ते फक्त बाहेरच्या दगडाला वापरलं.

दगड निवडताना एक बघा. आपल्या भागातल्या काळ्या दगडात कुठे कुठे पोकळ्या असतात आणि त्यांत पांढरे स्फटिक दिसतात. ते स्फटिक म्हणजे झिओलाइट, त्यांच्यात पाणी असतं. असला सच्छिद्र दगड आगीजवळ नको. गोदावरीतले गुळगुळीत गोटे दिसायला छान, पण आत पाणी मुरलेलं असेल तर वाफ होऊन तडकन फुटतात आणि कपच्या उडतात. शहाबादीही आगीला टेकवायची नाही. तो चुनखडीचा दगड आहे. खड्ड्याभोवती नऊ इंचांचा पट्टा आम्ही काळ्या दगडाचा ठेवला. त्यापलीकडे उडालेल्या निखाऱ्यांनी दोन फरश्यांचा पापुद्रा निघालाच. दिसतं वाईट, चालतं. शहाबादी खडबडीतच घ्या, पॉलिशची पावसात घसरते.

खड्ड्याचा तळ बांधलेला नाही. दीड फूट खोल खडी भरली आहे, पाणी तिथून जिरतं. निदान जिरेल असं वाटलं होतं. जून-जुलैत जिरलं, पण ऑगस्टमध्ये आजूबाजूची माती तुडुंब झाल्यावर खड्ड्यात चार दिवस पाणी उभं राहिलं. काळ्या मातीत हे होणार. पत्र्याचं झाकण केलं आहे आणि त्याखेरीज पावसाळा काढू नये. त्याआधी राख पूर्ण काढा. ओली राख क्षारयुक्त होते आणि चिकटून बसते. ती बागेत ओतण्याचाही मोह आवरा, काळी माती मुळातच अल्कधर्मी असते. आमची राख भांडी घासायला जाते.

धूर मात्र अपेक्षेपेक्षा कमी. खालच्या फटींमुळे आग भरभर धरते आणि वाळलेली बाभूळ जवळजवळ बिनधुराची जळते. ओलं लाकूड टाकलंत तर फटी काही करू शकत नाहीत. वारा फिरला की माणसांनाही फिरावं लागतं, म्हणून पक्के ओटे बांधले नाहीत, बाज आणि खुर्च्या बऱ्या. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर द्राक्षाच्या काड्या ढिगाने मिळतात आणि पेटवणाला त्यांच्यासारखं काही नाही. पण त्यांच्यावर बोर्डोपासून (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) कशाकशाच्या फवारण्या झालेल्या असतात. शेकायला ठीक, त्या निखाऱ्यांवर वांगं किंवा कणसं भाजायची नाहीत. हुरड्याला आम्ही वेगळ्या गोवऱ्या ठेवतो आणि त्यासाठी हा खड्डा खरं तर फार मोठा आहे. गोवऱ्या एका कडेला रचून तिथेच आगटी, म्हणजे हुरडा भाजायची छोटी आग, करतो. लाकडाचा ढीग चौकाला लागून नको, विंचू निघतात.

मार्चपासून मेपर्यंत खड्डा बंद. होळी तिकडे गावाच्या चौकात असते, आणि कोरड्या वाऱ्यात शेजारच्या कडब्याजवळ ठिणगी कोण उडवणार!

विटांच्या सांध्यांत केसासारख्या भेगा आल्या आहेत, त्यात फायर क्ले दाबली की झालं. निकालात निघाली ती खड्ड्यातली लोखंडी जाळी. सहा मिलिमीटरच्या सळईची होती, लाल होऊन होऊन मधे झोळीसारखी वाकली. आता फॅब्रिकेशनवाल्याला बारा मिलिमीटरची सांगितली आहे, दोन तुकड्यांत, म्हणजे राख काढताना एकट्याला उचलता येईल.