जुन्या मंडईतला ‘लायका’

ऐतिहासिक मंडई पाहायला जाणाऱ्या आणि तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात रेंगाळणाऱ्या मंडळींना सावध करावे, एवढ्याच हेतूने बनावट ‘लायका’ कॅमेरा विकत घेतल्याचा हा अनुभव लिहीत आहे. एकोणिसाव्या शतकात लोखंड आणि काच वापरून अशा मंडया अनेक शहरांत उभारल्या गेल्या. पॅरिसची ‘ले आल’ १९७१ पासून पाडली गेली, बुडापेस्टची १८९७ ची मंडई मात्र अजून गजबजलेली असते. अशा इमारतीचे वय खरे असते, त्याला पुरावा लागत नाही. आतल्या गाळ्यात काचेच्या कपाटात मांडलेल्या वस्तूचे वयही मग तितकेच खरे वाटू लागते, आणि विक्रेत्याचा धंदा नेमका याच भावनेवर चालतो.

मी पाहिलेल्या दुकानात जुनी घड्याळे, पितळी दुर्बिणी, फाउंटन पेने यांच्यामध्ये एक छोटा कॅमेरा ठेवलेला होता. त्यावर ‘लायका’ हे नामांकित जर्मन कॅमेऱ्याचे नाव, खाली तो जिथे बनत असे ते वेत्सलार हे गाव आणि बाजूला जर्मन सैन्याचे गरुडचिन्ह कोरलेले होते. दुकानदाराने तो कपाटातून काढण्याची घाई केली नाही; आधी मंडईच्या बांधकामाबद्दल, मग दुकान किती पिढ्यांचे आहे याबद्दल आणि शेवटी एका दिवंगत छायाचित्रकाराच्या घरातून हा ऐवज कसा आला याबद्दल तो शांतपणे बोलत राहिला. लेन्स काढून आत पाहू का, असे विचारल्यावर आत फिल्म भरलेली आहे आणि प्रकाश लागला तर ती वाया जाईल, असे कारण त्याने पुढे केले. फिल्म नव्हतीच, हे नंतर कळले.

पुढे एका वयस्कर कॅमेरा दुरुस्तकाने लेन्स फिरवून काढली आणि आत एकदाच पाहून निकाल दिला. लेन्सच्या अंतरानुसार हलणारा आणि रेंजफाइंडरला (अंतर मोजून फोकस जुळवणाऱ्या यंत्रणेला) जोडलेला जो भाग आत दिसतो, तो त्या काळच्या खऱ्या लायकात छोट्या गोल चाकासारखा असतो. माझ्या कॅमेऱ्यात तिथे टोकाकडे निमुळती होत गेलेली पट्टी होती. ही पट्टी सोव्हिएत कॅमेऱ्यांची खूण आहे. १९३२ मध्ये आलेल्या लायका २ ची नक्कल खारकिवमध्ये १९३४ पासून ‘फेड’ या नावाने होऊ लागली, आणि १९४८ पासून मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात ‘झोर्की’ तयार होऊ लागला. हे दोन्ही कॅमेरे मोठ्या संख्येने बनले, त्यामुळे स्वस्त राहिले. पुढे अनेकांनी त्यांवरचे मूळ नाव घासून काढून जर्मन नाव कोरण्याचा उद्योग सुरू केला, आणि किंमत आणखी चढावी म्हणून कुठे सैन्याचे चिन्ह, कुठे १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकची वर्तुळे, कुठे सोनेरी मुलामा अशी सजावटही केली. अशी सजावट जितकी ठळक, तितका संशय अधिक घ्यावा, असे मला आता वाटते.

दुसरा पुरावा क्रमांकाचा. लायकाचे अनुक्रमांक आणि उत्पादनाची वर्षे यांच्या याद्या उपलब्ध आहेत. माझ्या कॅमेऱ्यावरचा क्रमांक त्यांत शोधला, तेव्हा तो रेंजफाइंडर नसलेल्या आधीच्या मॉडेलचा निघाला, आणि हातातल्या यंत्राला तर रेंजफाइंडर होता. हे तपासायला दुकानात उभ्या उभ्या काही मिनिटे पुरतात. वरच्या पत्र्यावर प्रकाश तिरका पाडला तर नव्या अक्षरांखालचा घासलेला, किंचित खोलगट भागही दिसतो. (शटरचा पडदा कापडी असल्याने त्यात टाचणीएवढी छिद्रे असू शकतात, तो दोष मात्र खऱ्या लायकातही आढळतो, त्यामुळे त्यावरून खरे-खोटे ठरवू नये.)

परत गेल्यावर दुकानदाराचा सूर बदलला नव्हता, हे मला सर्वांत जास्त खटकले. आपण तो लायका असल्याचे कधी म्हटलेच नाही, कॅमेऱ्यावर जे कोरले आहे ते गिऱ्हाइकाने वाचले, असे त्याने अत्यंत नम्रपणे सांगितले. पावतीवर खरोखरच ‘जुना कॅमेरा, शोभेची वस्तू’ इतकेच लिहिलेले होते, आणि तळाशी बारीक अक्षरांत विकलेला माल परत न घेण्याची अट छापलेली होती. मंडईच्या व्यवस्थापनाकडे तक्रार केली, तेव्हा तिथेही पावतीवरच बोट ठेवण्यात आले. म्हणून पैसे देण्याआधी वस्तूचे नाव, मॉडेल, अनुक्रमांक आणि ‘मूळ’ हा शब्द पावतीवर लिहून मागावा. बोलताना तीन पिढ्यांचा इतिहास सांगणारा माणूस एवढ्या चार गोष्टी लिहिताना अडखळला, तर लेन्स काढून पाहण्याचीही गरज उरत नाही.

अखेरीस दुकानदाराने निम्म्या किमतीत कॅमेरा परत घेण्याची तयारी दाखवली. तो त्याच कपाटात जाऊन दुसऱ्या कोणाला तरी विकला जाईल हे उघड होते, त्यामुळे मी नकार दिला. दुरुस्तकाच्या मते हा कॅमेरा मुळात झोर्की आहे, तो धडधाकट आहे आणि छायाचित्रेही चांगली काढतो; पण मूळ नाव घासले गेल्यामुळे संग्राहक त्याला झोर्की म्हणूनही घेणार नाहीत.