भाषांतराचं फुकट अ‍ॅप: पोर्तुगीज बोलीपुढे तीनच तारे

तारकर्ली-वेंगुर्ल्याच्या होमस्टेवर पोर्तुगीज बोलणाऱ्या पाहुण्याचा मेसेज आला की मोबाइलमधलं फुकट भाषांतर अ‍ॅप उघडलं जातं. जेवणाची वेळ, खोलीचं भाडं, गाडी कुठे लावायची, एवढ्यापुरतं ते चोख. बोली आली की घसरतं.

डॉल्फिन दिसले नाहीत तर लिस्बनचा पाहुणा लिहितो, 'फिकामुश आ व्हेर नाविउश'. अ‍ॅप शब्दाला शब्द लावून 'वी वेअर लेफ्ट सीइंग शिप्स' काढतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, जहाजं बघून खूश झाले! प्रत्यक्षात हात हलवत परत आलेत. तिथे 'वी केम अवे विथ नथिंग' हवं. ब्राझीलवाल्याचं 'पागेइ मिकु' शब्दशः 'माकडाचे पैसे भरले', पण म्हणजे 'आय मेड अ फूल ऑफ मायसेल्फ'. माकडाचे पैसे बिलात शोधत बसू नका.

आधी पाहुण्याचा देश बघा. 'पुतु' लिस्बनमध्ये पोरगा, ब्राझीलमध्ये भडकलेला, तोही शिवराळ भाषेत. अ‍ॅपमध्ये दोन्ही देशांचे वेगळे पर्याय असतील तर नेमका निवडा. सुटा शब्द नको, मागचं-पुढचं वाक्य धरून चिकटवा. लघुरूपं फोडून लिहा: 'व्हीसी' म्हणजे 'व्होसे', तुम्ही. ओळीने आलेले 'के' म्हणजे ब्राझीलचं हसू.

उलट भाषांतर करून पडताळणं बिनकामाचं. शब्दशः झालेली चूक शब्दशःच परत येते आणि सगळं बरोबर वाटतं. त्यापेक्षा वाक्प्रचाराला 'सिग्निफिकादु', म्हणजे 'अर्थ', जोडून इंटरनेटवर शोधा. पोर्तुगीजमधलं साधं स्पष्टीकरण अ‍ॅप इंग्रजीत नीट आणतं.