जुनी दुकानाची बिल्डिंग घ्यायच्या आधी इन्स्पेक्शन करून घेतलं, त्याचा रिव्ह्यू

हिंगणघाट साइडला रोडटच एक जुनी दुमजली बिल्डिंग कृषी केंद्रासाठी घ्यायचं चाललं आहे, खाली गाळे, वर खोल्या. मालक म्हणे एकदम दणकट आहे भौ. बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला होता पण तो किंमत काढायला येते, कॉलम पाहायला नाही, म्हणून नागपूरहून स्ट्रक्चरल इंजिनिअरची टीम बोलावली.

आधीच सांगतो, पास-नापास असं काही लिहून देत नाहीत ते. काय खराब आहे, काय लगेच करा, काय थांबलं तरी चालते, एवढंच मिळते.

हातोडीनं ठोकत ठोकत गेले आणि मागच्या गाळ्यात पोकळ आवाज आला तिथं प्लास्टर फोडायची परवानगी मागितली (मालकाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं). तिथं पहिले खताचं गोडाऊन होतं. वरून मस्त पुट्टी-पेंट, आणि आत सळईचे पापुद्रे नखानं निघत होते! पोटॅशमध्ये क्लोराईड असते, सांडलेल्या खताला ओल लागली की ते कॉलममध्ये शिरते, सळई गंजून फुगते आणि काँक्रीटच फोडते. रिबाउंड हॅमरचे (काँक्रीटवर दाबून वरचा थर किती कडक ते सांगणारं यंत्र) आकडे चांगले आले म्हणून मी खूश, तर साहेब म्हणे यावर जाऊ नका, जुन्या काँक्रीटचा वरचा थर हवेनं कडक होते अन् हॅमर फसते. मग कॉलमच्या दोन्ही बाजूंनी ग्रीस लावून अल्ट्रासोनिक घेतलं, म्हणजे आवाजाच्या लहरी काँक्रीटमधून आरपार किती स्पीडनं जातात ते मोजलं. त्यात स्पीड सेकंदाला ३ किलोमीटरच्या खाली आला की आतमध्ये गडबड समजायची, आमचे दोन कॉलम तसेच निघाले.

उलट खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग पाहून काका घाबरले होते, ती निघाली काळ्या मातीची. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, भिंत हलते. बीममध्ये भेग नव्हती. तरी त्यांनी भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख टाकली, पट्टी तडकली म्हणजे हालचाल सुरूच आहे.

सगळ्यात कामाचं वाटलं ते वरच्या मजल्याचं. खोल्यांचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो धरून करतात, म्हणजे ४५ किलोच्या युरियाच्या जेमतेम चार बॅगा. आम्ही वर थप्पी लावायचा विचार करत होतो, तो कॅन्सल.

आता तक्रारी. गच्चीवर आपणहून गेलेच नाहीत, शिडी आणून दिली तेव्हा गेले. मे महिन्यात आले त्यामुळं गळती फक्त डागांवरून लिहिली, जमलं तर पावसाळ्यातच बोलवा. वायरिंग नुसतं डोळ्यानं पाह्यलं, अर्थिंग मोजलं नाही, ते वेगळ्या इलेक्ट्रिशियनकडून करावं लागलं. रिपोर्ट पूर्ण इंग्रजीत, अर्ध्याच्या वर फोटोच फोटो, शेवटी फोन लावून समजून घेतला. फीमध्ये गाडीभाडं आणि कोअर (तपासायला काँक्रीटचा कापून काढलेला गोल तुकडा) काढायचा खर्च धरला आहे का ते आधीच विचारा, आमचं भाडं वेगळं लागलं.

पण कॉलमच्या जॅकेटिंगचा (भोवतून नवीन सळई-काँक्रीट घालून मजबूत करायचा) खर्च लिहून आला म्हणून मालक भावात खाली आला, फी त्यातच निघाली. चार स्टार.

आणि हो, कागदं हे लोक पाहत नाहीत. ग्रामपंचायतीचा नमुना आठ म्हणजे मालकी नव्हे, तो कराचा उतारा आहे. एनए (बिगरशेती) ऑर्डर पटवाऱ्याकडं, वकिलाकडं दाखवून मगच इसार द्या.