कापलेल्या चेंबरची गळती: पुट्टी, पितळ की आर्गन?

आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत जुन्या जिपांना दुसरं डिझेल इंजिन टाकलेलं दिसतं. इंजिन बसतं, पण त्याचं चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी, पुढच्या एक्सलला अडतं. मग चेंबर कापतात, पत्रा जोडतात, आणि पांदणीतले हादरे खाऊन तोच जोड पाझरायला लागतो.

खर्च करण्याआधी तेल नक्की कुठून येतं ते पाहा. चेंबर सगळ्यात खाली, त्यामुळे वरची प्रत्येक गळती तिथंच येऊन थेंबते. माझ्या जिपेचं चेंबर दोनदा उतरवलं, अन् तेल येत होतं मागच्या ऑइल सीलमधून. इंजिन धुऊन कोरडं करा, जोडांवर टाल्कम पावडर मारा, दहा मिनिटं चालू ठेवा. जिथं पावडर आधी ओली होईल तिथंच दुखणं. इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा ब्रीदर पाइपही उघडून बघा. तो तुंबला की आतला दाब चांगल्या जोडातूनही तेल ढकलतो.

जोडच पाझरत असेल, तर एम-सीलसारखी पुट्टी सगळ्यात स्वस्त, चेंबर उतरवायचीही गरज नाही. पण तेलकट पत्र्यावर ती धरत नाही. चालत्या इंजिनातलं तेल शंभर अंशांच्या आसपास तापतं, त्यात मे महिन्यातलं आपलं ऊन. वावरातून घरापर्यंत गाडी आणायला पुट्टी ठीक, हंगाम काढायला नाही.

चेंबर लोखंडी पत्र्याचं असेल तर मी डोळे झाकून गॅसवरचं पितळ, म्हणजे गॅसच्या ज्योतीनं पितळ वितळवून फट भरणं, निवडीन. गावात आर्क वेल्डिंग सहज मिळतं, पण दीड मिलिमीटरच्या पत्र्याला ते जाळून भोकं पाडतं, आणि वेल्डिंगवर जमणाऱ्या मळीखाली सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतात. पितळ साधारण ९०० अंशांना वितळतं, लोखंड १५०० च्या पुढे. म्हणून पत्रा शाबूत राहतो आणि टाकणखार लावलेल्या फटीत पितळ स्वतः ओढलं जातं. जुनं वेल्डिंग घासून चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढायला लावा. तडा असेल तर त्याच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरचं भोक पाडून घ्या, नाहीतर तो पुढे सरकतो.

ॲल्युमिनियमच्या चेंबरला पितळ चालतच नाही, कारण ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळतं. तिथं आर्गन वायूतलं वेल्डिंगच. त्यासाठी अमरावती नाहीतर नागपूर गाठावं लागतं आणि पैसेही जास्त जातात. ओतीव धातूच्या छिद्रांत तेल मुरलेलं असतं, ते तापवून बाहेर काढल्याशिवाय वेल्डिंग करू देऊ नका.

काम झालं की बाहेरून जोडावर खडू घासा, आत रॉकेल ओता आणि तासभर थांबा. पांढऱ्या खडूवर काळपट रेघ उमटली तर परत दुकानात. पण रॉकेल पूर्ण धुऊन, वाळवून मगच ज्योत लावायची.

आचेनं चेंबरची कड वाकते. सपाट काचेवर उलटं ठेवून बघा, बोल्टच्या भोकांभोवती उचललेला पत्रा हातोडीनं बसवा. कड सरळ असेल तर गॅस्केट, म्हणजे सांध्यातली पातळ पट्टी, पुरतं, थोडी लहर उरली तर ट्यूबमधलं सिलिकॉन. सिलिकॉनची धार तीन मिलिमीटरच ठेवा. जास्तीचं आत पिळून सुटतं, चेंबरमधून तेल ओढणाऱ्या पंपाच्या जाळीत अडकतं, आणि मग इंजिनच जातं. तेल भरायच्या आधी एक दिवस सुकू द्या.

चेंबर कापून उथळ केलेलं असेल तर जाळीखालचं अंतरही मोजा. तळाशी कणकेचा गोळा ठेवून चेंबर गॅस्केटसकट बोल्टवर कसा, पुन्हा उतरवा आणि दबलेली कणीक मोजा. सहा ते दहा मिलिमीटर भरली तर पितळ लावलेलं तेच चेंबर ठेवा. त्याहून कमी भरली तर दुरुस्तीचा नाद सोडून नवं चेंबर बनवून घ्या.