येरवड्यातील रुग्ण मदत केंद्र: आमच्या कुटुंबाचा अनुभव

येरवड्यातील आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात दर आठवड्याला दोन संध्याकाळी रुग्ण मदत केंद्र चालते. तेथे डॉक्टर बसत नाहीत आणि औषधेही मिळत नाहीत. वस्तीतल्याच सहा-सात स्त्रिया रुग्णाची कागदपत्रे लावून देतात आणि गरज पडल्यास त्याच्याबरोबर रुग्णालयात जातात. या सोबतीचे मोल किती मोठे आहे, हे आम्हाला गेल्या पावसाळ्यात कळले.

आयुष्यभर झाडूकाम केलेली माझी आई घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शहरातील एका धर्मादाय रुग्णालयात नेले, तेव्हा खिडकीवरच्या माणसाने आडनाव विचारले, पत्ता विचारला आणि कागद हातातही न घेता ‘ससूनला न्या’ असे सांगितले. ससून या सरकारी रुग्णालयाबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पण आपल्या हक्काची खाट समोर असताना दारातून परत पाठवले जाणे आईच्या फार जिव्हारी लागले.

दुसऱ्या दिवशी केंद्रातील ताई आमच्याबरोबर त्याच खिडकीवर आल्या. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात, आणि वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार रुपयांच्या आत असलेले कुटुंब निर्धन गटात मोडते, हे त्यांनी आवाज न चढवता सांगितले. मग वैद्यकीय समाजसेवकांना भेटून त्या दिवशी राखीव खाटांपैकी किती रिकाम्या आहेत, हे विचारले. तासाभरात आईला दाखल करून घेतले. कागद आदल्या दिवशीचेच होते, आईही तीच होती. फरक एवढाच की, या वेळी नियम जाणणारे कोणीतरी आमच्या बाजूने उभे होते.

समाजमंदिराच्या भिंतीवर सावित्रीबाईंची तसबीर आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या हडपसरजवळच्या दवाखान्यात गेल्या आणि त्याच साथीत त्यांचा अंत झाला. या ताईंना काम करताना पाहिले की ती तसबीर तिथे का लावली आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. अपघात वार पाहून होत नाही, आणि इतर दिवशी केंद्राचा एकमेव मोबाइल बहुधा व्यस्त लागतो. बायकांना गर्भाशयाच्या तक्रारी उघड्या सभागृहात, सर्वांच्या देखत सांगाव्या लागतात. निदान एक पडदा तातडीने लावावा. रुग्णाबरोबर जाणाऱ्या ताईचा दिवसाचा रोज बुडतो, त्याची भरपाई वर्गणीतून व्हावी, असे मला मनापासून वाटते.

जाणाऱ्यांनी शिधापत्रिका, आधार कार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला बरोबर ठेवावा. दाखला मिळण्यास दिवस लागतात आणि तिथे केंद्राचाही इलाज चालत नाही, म्हणून घरात कोणी आजारी नसतानाच तो काढून ठेवावा.